ज्योत्स्ना म्हणाली की मी

जसं ऐकलंस तसंच जाऊन सांग, मधे तू येऊ नकोस.

हे माझ्या आईचं सांगणं. मी सात-आठ वर्षांची असेन. शेजारच्या काकूंकडे निरोप घेऊन निघाले होते आणि आई उंबऱ्यात उभी राहून, ओले हात पदराला पुसत हे म्हणाली. तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. तरीही वरच्या वाक्याला मी अवतरणचिन्हं घातलेली नाहीत. का, ते सांगायलाच बसले आहे. लिहिता लिहिता मलाही ते नीट कळेल अशी आशा आहे.

आधी एक खुलासा. या लिखाणात ती दोन चिन्हं फारशी सापडणार नाहीत. ज्या वाक्याची कसोटी झाली, किंवा जे छापील माझ्यासमोर आहे, किंवा जे गेल्या महिन्यात ऐकून त्याच दिवशी मी वहीत उतरवलं, तेवढ्यालाच मी चिन्हं घातली आहेत. बाकी सगळं आशयाने.

मी वैजयंती. वाईला कन्याशाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पहाटे उठून स्नान, तुळशीला पाणी, एक माळ जप, पोथीचा एक अध्याय, गुरुवारी उपास, असा माझा नेम आहे. आणखी एक नेम कुठल्याच पोथीत नाही. दिवेलागणीला देवापुढे बसायचं आणि आठवायचं, की आज आपण कुणाचं बोलणं कुणाला सांगताना त्यात काही घातलं का, काही गाळलं का. तसं झालं असेल तर दुसऱ्या दिवशी अळणी जेवायचं. आईच्या त्या सांगण्यावरून मी हा नेम घेतला. तीस-पस्तीस वर्षांत अळणी दिवस आले असतील वीसेक. आमचे हे गमतीनं म्हणतात की तुझ्यामुळे या घरातलं मीठ वर्षभर पुरतं.

त्यामुळे माहेरी आणि सासरी माझी एक ख्याती झाली. वैजू सांगते म्हणजे ते तसंच असणार. मला या ख्यातीचा अभिमान होता. देवापुढे बसूनही होता, हे आता कबूल करते.

कसोटीचं यंत्र आलं त्याला आता चार वर्षं झाली. ज्यांनी ते अजून पाहिलं नाही त्यांच्यासाठी, मला समजलं तेवढं सांगते. आपण काही ऐकतो तेव्हा मेंदूत दोन खुणा पडतात. एक शब्दांची, दुसरी अर्थाची. शब्दांची खूण कच्च्या रंगाची असते. अर्थाची टिकते. काही वर्षांनी तेच बोलणं सांगायची वेळ आली, की उरलेल्या अर्थाला आपण नवे शब्द शिवतो आणि ते जुनेच आहेत असं आपल्याला अगदी प्रामाणिकपणे वाटतं. यंत्र म्हणजे एक जाड टोपी. ती घालून बसायचं आणि ते बोलणं आठवायचं. खरोखर कानांनी ऐकलेलं आठवताना मेंदूतला ऐकण्याचा भाग आधी जागा होतो, आणि ज्या चालीनं, जिथं जिथं थांबत ते ऐकलं होतं त्याच चालीनं चालतो. रचलेलं आठवताना बोलण्याचा भाग आधी जागा होतो. जीभ आणि ओठ अगदी पुसटशी तयारी करतात. टोपीला हा फरक कळतो. पहिल्या प्रकाराला ती अवतरणचिन्हं देते. दुसऱ्याच्या आधी ‘की’ लावून देते.

एवढंच. पण या एवढ्यानं काय काय झालं ते आपण पाहतोच आहोत. वर्तमानपत्रांतली निम्मी अवतरणं गेली. कोर्टातल्या जबान्या दोन रंगांत छापून येऊ लागल्या. नवरा-बायको भांडणात ‘तू असं म्हणालास’ म्हणायच्या आधी थबकू लागले, आणि आमच्या गल्लीतलं एक जोडपं तर साताऱ्याच्या केंद्रावर जाऊन तसं म्हटलं होतं की नव्हतं याचा निकाल घेऊन आलं. निकाल असा निघाला, की दोघांनीही ते शब्द ऐकलेच नव्हते.

माझा या यंत्राशी संबंध आला तो कुलवृत्तांतामुळे.

माहेरच्या आमच्या कुळाचा ग्रंथ वीस वर्षांपूर्वी निघाला होता. कोण कुठून आलं, कुणाला किती मुलं, कोण कशानं नावाजलं, अशी सगळ्या घराण्यांची माहिती. आता गुढीपाडव्याला त्याची दुसरी आवृत्ती निघायची आहे आणि तिचे संपादक आहेत माझे चुलतभाऊ नरहरीदादा. बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि तितकेच थट्टेखोर. त्यांनी ठरवलं की नव्या आवृत्तीत एकही अवतरण कसोटीशिवाय जाणार नाही. ऐकणारा कुणी हयात नसेल तर वाक्य आपोआप आशयात जाईल. त्यांचा फोन आला तेव्हा ते सांगत होते, की पणजोबांनी कलेक्टरला दिलेलं बाणेदार उत्तर गेलं, आत्याआजींचे अखेरचे शब्द गेले, आणि कुळातली माणसं एकाएकी मुकी झाल्यासारखी दिसायला लागली आहेत. शेवटी म्हणाले, की आता तुझंच एक अवतरण राहिलंय. तुझं आहे म्हणजे चिंता नाही, पण नियम तो नियम, एकदा साताऱ्याला जाऊन ये.

ते अवतरण आईच्या नोंदीत होतं. वीस वर्षांपूर्वी मीच लिहून दिलेलं. पान तीनशे बारा, छापलं आहे तसं देते:

शेवटच्या वर्षी थोरल्या सूनबाईंनी “तुम्ही आता यायचं नाही” असं सांगितल्यावर मातोश्रींनी वाईचं घर सोडलं नाही.

थोरली सूनबाई म्हणजे माझ्या अनंतदादाची बायको, ज्योत्स्ना वहिनी. ती दोघं नाशिकला राहायची. आई वाईत माझ्याजवळ. ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. चैत्रात आईनं मला ते सांगितलं, मी त्याच दिवशी दादाला लिहून कळवलं, आणि आषाढात आई गेली. दादानं वहिनीला जाब विचारला, तेव्हा ती म्हणाली की मी असं बोललेच नाही. पण दादाचा विश्वास माझ्यावर. वैजू शब्द बदलत नाही, हे त्याचं म्हणणं. आईला दुःख नको म्हणून तिच्यासमोर तो विषय काढायचा नाही, असं आम्ही भावंडांनी परस्पर ठरवलं. मग दोन वर्षांनी ते वाक्य ग्रंथात छापून आलं. वहिनीचं कुळात येणं-जाणं संपलं. लग्नकार्यात तिला आमंत्रण जायचं, पण ती आली तर शेजारच्या खुर्च्या रिकाम्या राहायच्या. दादा सहा वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर मी तिला दोनदा पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. मी रोजच्या जपात तिचं नाव घेऊन तिला सद्बुद्धी मागत होते.

तिला मागत होते.

साताऱ्याच्या केंद्रावरची डॉक्टर माझी विद्यार्थिनी निघाली. तेजल भोईटे. आठवीत पहिल्या बाकावर बसायची आणि शंका विचारून विचारून तास संपवायची. टोपी घालताना तिनं माझे केस हलक्या हातानं मागे घेतले आणि विचारलं, की बाई, सुरुवातीला एखादं सोपं वाक्य घेऊ या का, खात्रीचं, म्हणजे यंत्र तुमच्या मापाचं बसेल. मी म्हटलं, आईचं घे. उंबरा, ओले हात, पदर, सगळं डोळ्यांसमोर आणलं आणि ते वाक्य आठवलं.

तेजल पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, परत एकदा आठवा बाई. मी परत आठवलं. तिसऱ्यांदाही.

“बाई, हे कानातून आलेलं नाही. हे तुमच्या तोंडात तयार झालंय.”

मी विचारलं की म्हणजे आई असं म्हणालीच नाही का. ती म्हणाली, तसं यंत्र सांगत नाही. अशा अर्थाचं काही म्हणाल्या असतील. कदाचित नुसतं ‘नीट सांग हो’ म्हणाल्या असतील. शब्द तुमचे आहेत.

मला काय वाटलं ते सांगता येत नाही. घरातली एखादी भिंत आपण रंगवलेली आहे की बांधलेली, तेच आठवू नये तसं काहीतरी. ज्या वाक्यावर मी नेम घेतला, ज्या वाक्यासाठी वीस दिवस अळणी जेवले, ते मीच रचलेलं. म्हणजे नेम कुणाचा? आणि ‘मधे तू येऊ नकोस’ हे सांगताना मधे कोण आलं होतं? तेजलनं पाणी दिलं. मी म्हटलं, पुढचं घे.

पुढचं वाक्य वहिनीचं. तेही अर्थातच तोंडातलं निघालं, आणि त्यात नवल नव्हतं, कारण वहिनीच्या तोंडून मी ते ऐकलंच नव्हतं. तेजलनं विचारलं की मग कुणाकडून कळलं. आईकडून, स्वयंपाकघरात. मग आईनं सांगितलं तो क्षण आठवा, ती म्हणाली.

मी डोळे मिटले. आई ओट्याशी, पाठमोरी. कुकर लावलेला. मी शाळेतून आलेली, खांद्यावरची पिशवी अजून उतरवलेली नाही. आई वळली, डोळे लाल झालेले, आणि ती बोलली. मग कुकरची शिट्टी झाली, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

या वेळी पडदा हिरवा झाला. तेजलला बरं वाटलेलं दिसलं. इतकी स्वच्छ शब्दखूण वर्षातून एखाद-दुसरीच मिळते, असं ती म्हणाली. रडणारं माणूस समोर असलं की ती खोल पडते. तिनं कागद छापून माझ्या हातात दिला.

आई: “ज्योत्स्ना म्हणाली की मी आता यायचं नाही—” (यापुढे शिट्टीचा आवाज. पुढचे शब्द ऐकू आलेले नाहीत.)

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवणार होते. म्हटलं ना, झालं तर मग. वहिनीनं आईला यायला मनाई केली. थोडेफार शब्द वेगळे असतील, आशय तोच आहे. तेवढ्यात तेजलनं आठवीतल्या आवाजात विचारलं,

“बाई, यातला हा ‘मी’ कोण?”

मी तीस वर्षं हा धडा शिकवला. इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात घेतलं की त्याचा ‘मी’ बदलून ‘तो’ होतो, ‘ती’ होते. आपण तसं करत नाही. आपण मधे एक ‘की’ टाकतो आणि बोलणाऱ्याचा ‘मी’ आहे तसाच ठेवतो. ‘राम म्हणाला की मी जेवणार नाही.’ उपाशी राहणारा राम. पण कधी कधी आपण तो ‘मी’ स्वतःसाठीही वापरतो: ‘डॉक्टर म्हणाले की मी साखर खायची नाही.’ इथं साखर सोडायची ती डॉक्टरांनी नव्हे, सांगणाऱ्यानं. दोन्ही वाक्यं आपण रोज बोलतो आणि कधी अडखळत नाही, कारण बोलणारा समोर असतो. दोन वेगळ्या रंगांचे खडू घेऊन मी हे फळ्यावर लिहायची.

ज्योत्स्ना म्हणाली की मी आता यायचं नाही. मी म्हणजे आई असेल, तर वहिनीनं आईला नाशिकला यायची मनाई केली. मी म्हणजे वहिनी असेल, तर तिनं स्वतःच वाईला न यायचं ठरवलं आणि तेच आईला कळवलं. ‘असं ठरवलंय’ हे पुढचे दोन शब्द शिट्टीत गेले असतील. नसतीलही.

मी तेजलला विचारलं की यातलं खरं कुठलं, हे यंत्र सांगेल का. तिनं मान हलवली. यंत्र कानात काय आलं तेवढंच सांगतं. आईंच्या मनातला ‘मी’ कोण होता, ते त्यांच्याबरोबर गेलं. वहिनी आहेत ना अजून, ती म्हणाली.

घरी आले. नेम चुकवला नाही, पण माळेचे मणी मोजण्यात तीनदा गोंधळ झाला. ह्यांनी विचारलं, झाली का कसोटी. मी म्हटलं, अर्धी. मग एकाएकी मला आईची बॅग आठवली.

त्या चैत्रात, ते बोलणं झाल्यावर चार-पाच दिवसांनी, आईनं बॅग भरली होती. दोन लुगडी, औषधं, आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. नाशिकला जाऊन येते म्हणाली. मला तेव्हा भरून आलं होतं. अपमान गिळून ही मुलाच्या घरी निघाली, असं वाटलं. मी गुडघ्यांचं कारण काढलं, डॉक्टरांचं नाव पुढे केलं आणि बॅग उपसून कपडे परत कपाटात लावले. ती दोन-तीन दिवस म्हणत राहिली, मग गप्प झाली. तिची समजूत काढली, याचं मला समाधान वाटलं होतं.

मनाई झालेली बाई बांगड्या कुणासाठी घेऊन निघते?

मी दुसऱ्याच दिवशी नाशिकची गाडी धरली. फोन केला नाही. फोनवर ती नाही म्हणाली असती तर तेच मला सोयीचं वाटलं असतं, म्हणून.

वहिनीनं दार उघडलं. केस सगळे पांढरे, कापून अगदी आखूड केलेले. आम्ही दोघी एका वयाच्या, एक वर्षाचा फरक. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“या वैजयंतीबाई. वाट चुकलात?”

मी म्हटलं, तुमच्याशी थोडं बोलायचं होतं. ती आत जाता जाता म्हणाली, की पूर्वी ‘तू’ म्हणायचीस मला, ‘तुम्ही’ कधीपासून झाले. तिनं चहा ठेवला, पोहे केले, आणि ताटली पुढे करताना विचारलं,

“मीठ चालेल ना? का आज अळणी?”

चालेल म्हटलं.

“माझ्या नावानं किती दिवस जेवलीस अळणी?”

एकही नाही, मी सांगितलं. खोटं बोलता आलं नाही. ती हसली, पण त्या हसण्यात मला बोचेल असं काही तिनं ठेवलं नव्हतं, आणि त्यानंच जास्त बोचलं.

मी कागद पुढे केला. कसोटीचं सगळं सांगितलं. तिनं चष्मा लावून ती एक ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि बोट त्या ‘मी’वर ठेवलं.

“ही तर मी.”

मग तिनं सांगितलं. त्या सकाळी तिनंच आईला फोन केला होता. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी आता वाईला यायचं नाही असं ठरवलंय, आई, एवढंच ती म्हणाली होती. आईनं का विचारलं. तिनं कारण सांगितलं. आई फोनवर रडली आणि म्हणाली की नको येऊस, मीच येते तुझ्याकडे, तुझी ओटी तिथं येऊन भरते. वहिनी वाट बघत राहिली. आई आली नाही. आला तो दादाचा संताप, आणि दोन वर्षांनी तीनशे बारावं पान.

“मला वाटलं, आईंनीच तुला तसं सांगितलं. बावीस वर्षं मी त्यांच्यावर रागावलेय, वैजू. त्यांच्या फोटोला हार घालायची, पण बघायची नाही त्यांच्याकडे.”

मी तिला बॅग सांगितली. लुगडी, औषधं, कागदातल्या बांगड्या. मी ती उपसली हेही सांगितलं, काही न गाळता. वहिनी उठून गॅलरीत गेली आणि कुंड्यांना पाणी घालत राहिली. एका कुंडीतून पाणी वाहून जाईपर्यंत घालत होती. मी आत पोह्यांकडे बघत बसले.

ती परत आली तेव्हा मी विचारलं, की तू येणार नव्हतीस ते कशासाठी. आईला काय कारण सांगितलंस.

“खरंच आठवत नाही तुला?”

नाही म्हटलं.

“आदल्या वर्षीची चैत्रगौर. तू माझी ओटी भरत होतीस. सगळ्या बायका बसलेल्या. तू म्हणालीस, ‘ओटी भरून भरून हात दमले गं माझे, वहिनी. आता तरी मनावर घे.’ सगळ्या हसल्या. तूही हसलीस.”

वहिनीला मूल नव्हतं. त्याआधीच्या माघात तिचा तिसरा गर्भ गेला होता, आणि ते फक्त दादाला आणि आईला माहीत होतं. मला ते त्या दिवशी कळलं.

मी आठवू लागले. आरास आठवली, आंब्याची डाळ, पन्ह्याचे पेले, भिजवलेले हरभरे. वहिनीची अबोली रंगाची साडीसुद्धा आठवली. ते वाक्य काही आठवेना. माझ्या तोंडात ते बसतच नव्हतं. मी असं बोलणारी नव्हे, असं अगदी ओठांवर आलं, आणि मग लक्षात आलं की असंच बावीस वर्षांपूर्वी वहिनी म्हणाली होती, आणि कुणी ऐकलं नव्हतं. कसोटीला चल असं मी तिला म्हणू शकले असते. नाही म्हटलं.

तिलाच ते कळलं असावं. ती म्हणाली, “टोपीबिपी मी घालणार नाही. मला ते शब्दन्शब्द माहीत आहे. तुला पटत नसेल तर नको पटू दे.”

मी म्हटलं, पटलं. खरं तर पटलं होतं की नव्हतं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. पण मी ते धरून चालले आहे, आणि असं न पटलेलं काही धरून चालणं मला पहिल्यांदाच करावं लागतंय.

ग्रंथातली ओळ मी काढायला लावीन, असं मी तिला सांगितलं. खाली माफीही छापू. तिनं हात हलवला.

“पुस्तक कोण वाचतं? लोकांनी ते तुझ्या तोंडून ऐकलं. ज्यांना ज्यांना तू तोंडानं सांगितलंस, त्यांना तोंडानं जाऊन सांग. फोनवर नको. समोर बसून.”

“सांगते,” मी म्हटलं.

परतीच्या गाडीत मी तेजलला फोन लावला आणि विचारलं, की आपण स्वतः बोललेलं वाक्य आठवून त्याची कसोटी करता येते का. ती म्हणाली की नाही बाई, तिथं यंत्र जवळजवळ आंधळं आहे. माणूस बोलायला लागला की त्याचा मेंदू स्वतःच्या आवाजापुरते कान मंद करतो, नाहीतर तो आपल्याच आवाजानं दचकत राहिला असता. त्यामुळे दुसऱ्यानं म्हटलेलं खोल उतरू शकतं आणि आपण म्हटलेलं वरच्यावर पुसलं जातं. तिनं विचारलं की कुठलं वाक्य होतं. मी सांगितलं नाही.

नरहरीदादांना मी दुसऱ्या दिवशी कळवलं की पान तीनशे बारावरचं ते वाक्य काढा, ते खोटं आहे आणि खोटं माझं आहे. मग त्यांनी विचारलं की त्या जागी काय घालू. मी म्हटलं, आशयाने लिहा, की सुनेची ओटी भरायला त्या नाशिकला निघाल्या होत्या आणि मुलीनं जाऊ दिलं नाही. ते म्हणाले की वैजू, हे तर अवतरणापेक्षा जड आहे. पण लिहून घेतलं त्यांनी.

मग मी यादी करायला बसले. बावीस वर्षांपूर्वी मी कुणाकुणाला सांगितलं होतं? सात नावं लगेच आली: मामी, दोन मावसबहिणी, आमच्या आळीतल्या गोखले काकू, असं करत करत. त्यातली दोन माणसं आता नाहीत. त्यांच्या सुनांना सांगायचं असं ठरवलं, कारण अशी बोलणी घरात राहतात. त्यापुढे चार नावं अशी होती, की त्यांना मी सांगितलं होतं की नाही तेच आठवेना. सांगितलं असावं असं वाटे, आणि लगेच वाटे की छे. कागदावर त्या चौघींपुढे मी प्रश्नचिन्ह काढलं आणि बराच वेळ त्या चिन्हांकडे बघत राहिले.

आज सकाळी पूजा आटोपून साडी बदलली. ह्यांनी विचारलं की कुठून सुरुवात. मी म्हटलं, प्रश्नचिन्हांपासून. ह्यांना नवल वाटलं. ज्यांना नक्की सांगितलंय त्यांच्याकडे आधी जायला नको का, असं त्यांचं म्हणणं.

मी ह्यांना सांगितलं, की त्या सात घरी मला काय बोलायचं ते माहीत आहे. या चौघींकडे आधी जाऊन विचारायचं आहे, की बावीस वर्षांपूर्वी मी तुमच्यापाशी माझ्या वहिनीबद्दल काय म्हणाले होते. मला आठवत नाही, त्यांना आठवत असेल. त्या जे सांगतील ते सगळं ऐकून घ्यायचं, मधे काही न बोलता, आणि मग वहिनीचं सांगायचं.

पहिलं घर नदीपलीकडे आहे. रिक्षा नको म्हटलं. कागद पर्समध्ये ठेवला, चपला घातल्या आणि फाटक मागे ओढून घेतलं.